एफडी मोडून मशरूम? ताई, जरा थांबा

ताई, तुम्ही लिहिलंय की कराडजवळ घरामागे रिकामी शेड आहे, 9 लाखाची एफडी आहे, त्यातले 7 लाख घालून एसी रूम करायची, शिटाके आणि किंग ऑयस्टर हे महागडे मशरूम घ्यायचे, आणि बियाणं देणारी कंपनीच 500 रुपये किलोने माल परत घेणार. वर मुलीचं इंजिनिअरिंग दोन वर्षांवर आलंय. मशरूम करू नका असं मी म्हणत नाही, पण 7 लाख घालू नका.

किंग ऑयस्टरला फळ धरताना 15 डिग्रीच्या आसपास थंडावा लागतो, म्हणजे मार्च ते मे एसी रात्रंदिवस. शिटाकेच्या लाकडाचा भुसा भरलेल्या बॅगा तर दोन-तीन महिने नुसत्या बसून राहतात, तोवर वीजबिल तुमच्याच खिशातून.

आणि तो बायबॅक, म्हणजे माल परत घ्यायचा वायदा... माझ्या एका क्लायंटचे पहिले दोन लॉट घेतले, तिसऱ्याला "ओलावा जास्त" म्हणून नापास केलं, फोनही उचलेनात. करारात ग्रेड कोण ठरवणार ते आधी वाचा.

त्यापेक्षा धिंगरी, म्हणजे साधा ऑयस्टर मशरूम करा, पावसाळा-हिवाळ्यात एसीशिवाय येते. 100 बॅगा, प्रत्येकी 1 किलो सुकं सोयाबीनचं काड, नवख्याला काडाच्या वजनाच्या निम्मा म्हणजे 50 किलो ओला माल धरा (एखादी बॅग हिरवी बुरशी येऊन फेकावी लागतेच). 150 रुपये भाव धरला तर 7,500, त्यात स्पॉन (मशरूमचं बियाणं), काड, पिशव्या, पाणी उकळायचं सरपण मिळून 4,000 गेले, उरले साडेतीन हजार, तेही दीड-दोन महिन्यांनी. हसू येईल, पण हे 4,000 बुडाले तरी मुलीच्या फीला धक्का लागत नाही.

खरी परीक्षा विक्रीची आहे. ताजी धिंगरी बाहेर एक-दोन दिवस, फ्रीजमध्ये चार-पाच. वाळवली तर 10 किलोची 1 किलो होते, मग भाव दहापट मिळाला तरच बरोबरी, वाळवायचा खर्च वेगळाच. तेव्हा बॅगा भरायच्या आधी कराड-साताऱ्यातले हॉटेलवाले, भाजीवाले गाठा आणि आठवड्याला किती किलो घेणार ते वहीत लिहून आणा.

पीएमएफएमई या केंद्राच्या छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या योजनेची 35 टक्के सबसिडी ऐकली असेल, ती प्रक्रिया उद्योगाला आहे आणि कर्जाला जोडलेली, नुसतं पिकवायला नाही. ट्रेनिंगसाठी पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळिंबीचा (मशरूमचा) प्रकल्प आहे, तिथे चौकशी करा.

तर 50 हजार ही लक्ष्मणरेषा, बाकी एफडी ॲडमिशनच्या आधी मॅच्युअर होईल अशी ठेवा. आणि त्या कंपनीला ॲडव्हान्स दिला नसेल ना अजून? तेवढं लगेच कळवा.