मोबाइलवर नेट चालते, संगणकावर चालत नाही: विंडोज पुन्हा टाकण्याआधी काय तपासावे?

आपण लिहिले आहे की सोलापुरातील आपल्या घरी फायबरची जोडणी आहे, मोबाइलवर नेट व्यवस्थित चालते, परंतु राउटरला केबलने जोडलेल्या संगणकावर ‘नो इंटरनेट’ असे दिसते आणि दुरुस्तीवाल्याने विंडोज नव्याने टाकावी लागेल असे सांगितले आहे. त्याच संगणकात चादरींच्या व्यवसायाचा टॅलीतला सगळा हिशेब आहे, असेही आपण म्हणता. म्हणून पहिली विनंती ही की, त्या डेटाची पेनड्राइव्हवर प्रत घेतल्याशिवाय आणि खालील तपासण्या केल्याशिवाय कोणालाही विंडोजला हात लावू देऊ नये.

मोबाइल खरोखरच वायफायवर चालतो आहे का, हे आधी पाहावे. वायफायमधून इंटरनेट येत नसेल तर बरेच फोन न सांगता सिमच्या डेटावर जातात आणि आपला समज होतो की राउटर ठीक आहे. मोबाइल डेटा बंद करून एखादे संकेतस्थळ उघडावे. ते उघडले नाही आणि राउटरवर ‘एलओएस’ नावाचा दिवा लाल असेल, तर प्रकाशाचा संदेश घरापर्यंत पोहोचतच नाही. आपल्याकडे गल्लोगल्ली खांबांवरून ओढलेल्या फायबरच्या तारा एखाद्या उंच गाडीला अडकूनही तुटतात. आतली तार काचेची असल्यामुळे ती चिकटपट्टीने जोडता येत नाही, त्यासाठी यंत्र घेऊन माणूसच यावा लागतो. अशा वेळी संगणकात काहीही बदलू नये.

वायफाय ठीक असेल तर दुरुस्तीवाल्याचे म्हणणे पडताळण्याचा उत्तम उपाय आपल्या खिशातच आहे. संगणकाची राउटरकडून येणारी केबल काढावी, मोबाइल चार्जिंगच्या केबलने संगणकाला जोडावा आणि मोबाइलच्या सेटिंगमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करावे. संगणकावर नेट आले, तर विंडोज आणि ब्राउझर दोन्ही धडधाकट आहेत आणि दोष केबल, तिचे पोर्ट (केबल खोचायची जागा) किंवा त्या पोर्टच्या सेटिंगमध्ये आहे, हे पाच मिनिटांत सिद्ध होते.

आता केबल परत लावावी. राउटरच्या आणि संगणकाच्या पोर्टजवळचा बारीक दिवा लागतो का, ते पाहावे. दिवा लागत नसेल तर राउटरचे दुसरे पोर्ट आणि शक्य असल्यास दुसरी केबल वापरून पाहावी. टोकाची प्लास्टिकची जीभ तुटली की केबल दिसायला बसलेली असते, पण सैल राहते. केबल बदलूनही दिवा लागला नाही आणि हे सगळे विजांच्या पावसानंतर सुरू झाले असेल, तर पोर्ट जळल्याची शक्यता मोठी आहे. फायबरमधून वीज येत नाही हे खरे, पण राउटरच्या अडॅप्टरमधून आणि तांब्याच्या केबलमधून येऊ शकते. त्यासाठी मदरबोर्ड बदलण्याची गरज नसते, यूएसबीला लावायचे छोटे लॅन अडॅप्टर पुरते.

दिवा लागत असेल, तर कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टाइप करण्याची विंडोजची खिडकी, उघडून ‘आयपीकॉन्फिग’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत सलग टाइप करावा. आयपीव्ही४ पत्ता, म्हणजे नेटवर्कमधला संगणकाचा अंकी पत्ता, १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर संगणकाने राउटरकडे पत्ता मागितला, उत्तर मिळाले नाही, म्हणून त्याने स्वतःच एक तात्पुरता पत्ता धारण केला, असा त्याचा अर्थ. अशा वेळी राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने सुरू करावा आणि मग संगणकही पुन्हा सुरू करावा. पत्ता १९२.१६८ ने सुरू होत असेल, तर ‘पिंग’ (पलीकडून उत्तर येते का, ते पाहणारी आज्ञा) लिहून पुढे जागा सोडून ८.८.८.८ हे आकडे इंग्रजीत टाइप करावेत. हा गूगलच्या सार्वजनिक डीएनएस सर्व्हरचा पत्ता आहे. तिकडून उत्तर येते, पण संकेतस्थळे उघडत नाहीत, असे दिसले तर बहुधा दोष डीएनएसचा, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता शोधून देणाऱ्या व्यवस्थेचा असतो.

मी साखर पेठेतून जुळे सोलापुरात राहायला आलो, तेव्हा माझ्या संगणकाचे नेमके हेच झाले होते. नवी जोडणी घेतली, घरातले सगळे फोन चालू लागले, संगणक मात्र अडला, आणि राउटर पुन्हा पुन्हा बंद-चालू करण्यात माझ्या दोन संध्याकाळी गेल्या. पिंगला उत्तर येते हे पाहिल्यावर उलगडा झाला. जुन्या केबलवाल्याने काही वर्षांपूर्वी स्वतःच्या डीएनएस सर्व्हरचा पत्ता माझ्या संगणकात हाताने भरला होता आणि तो सर्व्हर त्याच्या ग्राहकांखेरीज कोणालाच उत्तर देत नव्हता. फोनमध्ये असे काही भरलेले नसल्याने ते बिनतक्रार चालत होते. आपणही पूर्वी दुसऱ्या केबलवाल्याची जोडणी वापरली असेल, तर माझा पहिला संशय इथेच आहे.

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, इथरनेट या क्रमाने गेल्यावर ‘आयपी असाइनमेंट’ आणि ‘डीएनएस सर्व्हर असाइनमेंट’ अशा दोन ओळी दिसतात. दोन्हींपुढे ‘ऑटोमॅटिक’ असावे. ‘मॅन्युअल’ असेल तर आधीच्या आकड्यांचा फोटो काढून ठेवावा आणि मगच बदल करावा.

संगणक काही महिने बंद होता का, हे आपण लिहिलेले नाही. तसे असेल तर तारीखही पाहावी. मदरबोर्डवरील नाण्याएवढी सीआर२०३२ बॅटरी संपली की तारीख अनेक वर्षे मागे जाते आणि सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे ब्राउझरला अवैध वाटू लागतात.

टेदरिंगने नेट आले का, पोर्टचा दिवा लागतो का आणि आयपीव्ही४ पत्ता कशाने सुरू होतो, या तीन गोष्टी येथे कळवाव्यात, म्हणजे पुढचे नेमके सांगता येईल.