अॅग्रीमेंटवर नाव नाही म्हणून लगेच बॅग भरू नकोस

अगं,

तुझा मेसेज वाचला. फ्रिजचा कप्पा, बाथरूमच्या वेळा यावरनं सुरू झालेलं भांडण आता रूममेटच्या "रविवारपर्यंत रूम सोड" इथपर्यंत आलंय. घाबरून निघू नकोस आणि चावी कुणाच्या हातात देऊ नकोस.

आधी अॅग्रीमेंट बघ. पुण्यात सर्रास असंच होतं, 11 महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स दोघींच्या नावावर होतं, तिसरी नंतर येते, ब्रोकर म्हणतो चालतंय, आणि ती बिचारी रूममेटलाच जीपे करत राहते. नाव असेल तर हॉल, किचन, बाल्कनी सगळ्यांची सारखी, वेगळं काही लिहिलं नसेल तर आधी राहायला आली म्हणून कुणाचा हक्क जास्त होत नाही, आणि एक रूममेट दुसरीला "नोटीस" देऊ शकत नाही, ते मालकाचं काम.

तुझं नाव नाही, म्हणजे बाजू कच्ची आहे, हे मी लपवणार नाही. पण शून्य नाही. रूममेटने तुझ्याकडून भाडं आणि डिपॉझिट घेतलंय ना, मग तोंडी ठरलेला करारही करारच असतो, तिने घेतलेलं डिपॉझिट तिनेच द्यायचं. ट्रान्सफरचे स्क्रीनशॉट, चॅट, पोलीस व्हेरिफिकेशनमध्ये तुझं नाव गेलं असेल तर त्याची कॉपी, सगळं आजच मेलवर टाकून ठेव. सामान बाहेर फेकलं, कुलूप बदललं किंवा तुझी सर्टिफिकेट्स अडवून ठेवली तर चौकीत जा. एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) करून परत पाठवतील कदाचित, तरी लेखी नोंद हवीच.

मालकाशी तू स्वतः बोल, तिच्यामार्फत नको. तू राहतेस हे त्याला माहितीच नसेल तर तो दोघींवर चिडेल, तरी लपवून राहण्यापेक्षा हे बरं. नवीन अॅग्रीमेंटमध्ये तुझं नाव घाल म्हणावं. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे अॅग्रीमेंट लेखी आणि रजिस्टर्ड लागतं, आणि रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची आहे, तुझी नाही.

फक्त नाव घालताना एक लक्षात घे, हे कुणी सांगत नाही. तिघींनी मिळून सही केली आणि एक पळाली तर मालक पूर्ण भाडं कुणा एकीकडेही मागू शकतो, करार कायदा 1872, कलम 43. पळालेलीचा वाटा तिच्याकडून वसूल करता येतो, पण तोपर्यंत पैसे तुझ्या खिशातनं जातात. म्हणून कोण किती भरणार, कोण सोडणार तर किती दिवस आधी सांगणार, हे तिघींनी एका कागदावर लिहून सही करा. मैत्रीत कशाला कागद असं वाटतं, पण भांडण तिथेच होतं.

वकिलाच्या फीची काळजी नको. मोफत कायदेशीर मदत मिळायला बाईला उत्पन्नाची अट नाही, शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, नाहीतर 15100 ला फोन लाव. रविवारच्या आधी जा, आणि काय म्हणाले ते मला कळव.