७४ टक्के, तरी प्रोबेशन?

प्रश्न : ताई, लेक अमेरिकेत फिजिओथेरपीची डॉक्टरेट करतेय. अॅनाटॉमीत ७४ टक्के, तरी 'सी' आणि वर प्रोबेशनचं, म्हणजे 'गुण सुधारा, नाहीतर बाहेर' अशा ताकिदीचं पत्र! आमच्या वेळी एवढ्या मार्कांना पेढे वाटायचे. – एक आई, सांगली

उत्तर : असं पत्र उशीखाली ठेवून मीही तिथे झोपले आहे. पदव्युत्तरला तिकडे बहुतेक ठिकाणी ४ पैकी सरासरी ३.० लागते, म्हणजे 'बी'; 'ए'चे गुण ४. 'सी'चे गुण २च. क्रेडिट म्हणजे विषयाचं वजन; ४ क्रेडिटचा 'सी' नि १२ क्रेडिटचे 'बी' धरले तर सरासरी २.७५. पुढच्या सत्रात तेवढ्याच क्रेडिटांत ४ क्रेडिटचा एक 'ए', बाकी 'बी' आले की बरोबर ३.०. 'सी' आलेला विषय पुन्हा घ्यावा लागतो का, हे मात्र हँडबुकात आजच बघायला सांगा. दुसरा 'सी' काही कॉलेजं खपवून घेत नाहीत.