सहीबरोबर कारणंही

अनेक आशीर्वाद.

निर्णय बरोबर आहे याची खात्री आहे, पण कारणं लिहिली तर आपलेच लोक दुखावतील. मग ‘सहानुभूतीपूर्वक विचार करून’ एवढंच घालून सही करून मोकळं व्हावं का, हा तुझा प्रश्न. अगदी याच पेचात १८९३ साली अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याचा गव्हर्नर सापडला होता. जॉन पीटर आल्टगेल्ड त्याचं नाव.

माणूस जर्मनीत जन्मलेला, ओहायोत शेतकऱ्याच्या घरी वाढलेला. कोवळ्या वयात यादवी युद्धात उत्तरेचा सैनिक, मग शाळामास्तर, वकील, शिकागोत न्यायाधीश. जमीन-इमारतींत पैसाही बक्कळ केलेला. यादवी युद्धानंतर इलिनॉयमध्ये निवडून आलेला हा पहिला डेमोक्रॅट गव्हर्नर.

त्याच्यापुढे हेमार्केटचं प्रकरण आलं. ४ मे १८८६ रोजी शिकागोत कामगारांच्या सभेपाशी पोलिसांवर बाँब पडला. टाकणारा कोण, ते शेवटपर्यंत सिद्ध झालं नाही. तरी आठ जण दोषी ठरले. चौघे फासावर गेले, एकाने कोठडीत जीव दिला, तिघे तुरुंगात उरले. त्यांना सोडा, असं आता शहरातली काही बडी मंडळीही म्हणत होती. म्हणजे ‘पुरेशी शिक्षा भोगली, दया दाखवतो’ अशा दोन ओळी खरडल्या असत्या तर फारसा गहजब झाला नसता.

आल्टगेल्डने खटल्याचं दप्तर मागवलं आणि बारकाईने वाचलं. २६ जून १८९३ रोजी तिघांना माफी दिली ती लांबलचक निवेदनासह. ज्युरीची माणसं नेहमीसारखी चिठ्ठ्या काढून निवडलीच नव्हती. हेन्री राइस नावाच्या खास बेलिफाने ती वेचून आणली होती. ज्युरीतली माणसं नाकारण्याचे आरोपींच्या वकिलांचे मोजके हक्क संपावेत म्हणून आपण मुद्दाम त्यांना न चालणारी माणसं आणतो, अशी बढाई हा राइस मारत असे. त्याबद्दलचं प्रतिज्ञापत्र आल्टगेल्डने निवेदनात घातलं. दयेचा प्रश्नच नव्हता, खटलाच वाकडा होता, हे त्याने कागदोपत्री मांडलं.

हा खटला चालवणाऱ्या न्यायाधीश गॅरीवर मात्र त्याने ओढलेले कोरडे मला जरा जास्तच वाटतात. पुरावा बोलत असताना आपण आवाज चढवू नये. वर्तमानपत्रांना तेवढंच हवं होतं. आल्टगेल्डलाच अराजकवादी ठरवून ती मोकळी झाली. पुढच्याच वर्षी रेल्वे कामगारांच्या पुलमन संपात राज्याला न विचारता केंद्राने सैन्य घुसवलं, तेव्हा स्वतःच्याच पक्षाच्या राष्ट्राध्यक्षाला, क्लीव्हलंडला, त्याने खरमरीत तारा केल्या.

१८९६ला तो हरला. माफीने त्याला बुडवलं, असं सर्रास सांगतात. मला ते तितकं सरळ वाटत नाही. त्याला १८९२पेक्षा जास्तच मतं पडली होती, पण मंदीने डेमोक्रॅट पक्ष पोळलेला आणि रिपब्लिकन पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार मॅकिन्ली याची लाट जोरात. त्याच वर्षी पक्षाच्या राष्ट्रीय जाहीरनाम्यावर मात्र त्याचा ठसा होता. नंतर पैसा गेला, शिकागोतली त्याची युनिटी इमारत गेली, हेही तुला माहीत असावं. फुकट काही मिळालं नाही त्याला.

तू कारणं लिही. मसुदा रविवारपर्यंत मला पाठव. प्रत्येक विधानापुढे कोणत्या कागदाचं कितवं पान ते टाक. विशेषणं मी खोडेन.