वाचकांचे प्रश्न : बाबांच्या रिपोर्टमधलं हे जॅक-२ काय आहे?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. बाबा ६१ वर्षांचे, तसे ठणठणीत, फक्त आंघोळ झाली की अंगभर खाज सुटते, आम्ही साबण बदलून बदलून थकलो. मेडिक्लेमच्या तपासणीत हिमोग्लोबिन १९.२ निघालं, आई तर खूशच झाली! पण फिजिशियननी जॅक-२ टेस्ट करायला लावली आणि त्यात 'व्ही६१७एफ म्युटेशन आढळलं, ३८ टक्के' असं आलंय. हा कॅन्सर आहे का? ३८ टक्के म्हणजे एवढा पसरलाय का? जीनचा दोष म्हणजे आम्हा भावंडांनाही होणार का? आणि बीट-खजूर बंद करायचं का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : आईंचं काही चुकलं नाही, आपल्याकडे हिमोग्लोबिन कमी असण्याचीच इतकी सवय आहे की जास्त आलं की लोक पेढे वाटतील.

हे सगळं पॉलिसायथेमिया व्हेरा नावाच्या आजाराकडे बोट दाखवतंय, त्यात बोन मॅरो (हाडातला मगज) गरज नसताना जास्त लाल पेशी बनवत राहतो. आधी भावंडांचं सांगतो. जॅक-२ हा जीन नवव्या क्रोमोसोमवर असतो, त्यावरून त्याच नावाचं एन्झाइम बनतं, ते तुमच्या-माझ्या सगळ्यांच्यात आहे आणि नसेल तर रक्तच बनणार नाही. बाबांचा बिघाड आजी-आजोबांकडून आलेला नाही, तो आयुष्यात कधीतरी बोन मॅरोमधल्या एका पेशीत झाला आणि तिची पिलावळ वाढत गेली. त्यामुळे तो तुमच्यात उतरत नाही. काही घरांत जवळच्या नातेवाइकांना हा आजार जरा जास्त दिसतो हे खरंय, पण त्यासाठी सगळ्यांनी महागडी जीन टेस्ट करत बसू नका, साधा सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) नॉर्मल असेल तर पुरे.

आता हे एन्झाइम करतं काय? ऑक्सिजन कमी पडला की किडनी एरिथ्रोपोएटिन नावाचं हार्मोन सोडते, ते मॅरोतल्या पेशीच्या बाहेरच्या रिसेप्टरला चिकटतं आणि आतल्या बाजूला बसलेली जॅक-२ ची जोडी एकमेकांवर फॉस्फेट चढवून जागी होते, मग स्टॅट-५ नावाचं प्रोटीन न्यूक्लियसमध्ये जाऊन सांगतं की लाल पेशी बनवा. जॅक-२ च्या अंगातच एक ब्रेकचा भाग असतो. प्रोटीन म्हणजे अमिनो ॲसिड नावाच्या मण्यांची माळ, जॅक-२ च्या ११३२ मण्यांच्या माळेत ६१७ व्या जागी व्हॅलीनऐवजी (व्ही) फिनाइलॲलानिन (एफ) आलं की तो ब्रेक सुटतो, म्हणजे दारावरची बेल दाबलेलीच अडकून बसावी तसं, कोणी आलेलं नसताना वाजतेच आहे. डीएनएचं एकच अक्षर बदललंय, बाकी काही नाही! २००५ मध्ये पॅरिस, बाझल, केंब्रिज आणि बॉस्टनमधल्या चार टीमना हे जवळपास एकाच वेळी सापडलं. पॉलिसायथेमिया व्हेराच्या साधारण ९५ टक्के पेशंटमध्ये हेच म्युटेशन असतं, आणि आंघोळीनंतरची खाज हे तर त्याचं अगदी ओळखीचं लक्षण, साबण बिचारा निर्दोष आहे.

कॅन्सर का, तर वर्गीकरणात हो, रक्ताच्या कॅन्सरमध्येच धरतात, पण हळू चालणारा आहे, बरेच पेशंट वर्षानुवर्षं कामधंदा करत राहतात. ३८ टक्के म्हणजे स्टेज नाही. तपासलेल्या रक्तात जॅक-२ च्या जितक्या कॉपी होत्या त्यातल्या ३८ टक्के बदललेल्या, एवढंच. खरी भीती रक्त घट्ट होऊन गुठळी होण्याची आहे, म्हणून अधूनमधून रक्त काढून हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला लाल पेशींचा टक्का, ४५ च्या खाली ठेवतात. हा ४५ चा आकडा हवेतला नाही, २०१३ च्या इटलीतल्या अभ्यासात ४५ ते ५० च्या मध्ये ठेवलेल्यांना हार्टमुळे मृत्यू किंवा मोठी गुठळी यांचा धोका जवळपास चौपट निघाला होता. सोबत कमी डोसची ॲस्पिरिन, आणि साठी उलटलीय म्हणून बहुतेक हायड्रॉक्सीयुरिया हे पेशी बनणं कमी करणारं औषध. जॅक-२ लाच अडवणारं रुक्सोलिटिनिब नावाचं औषध आहे, पण ते सहसा हायड्रॉक्सीयुरिया चाललं नाही तर देतात, आणि तेही बिघडलेल्या पेशी मुळासकट काढत नाही. बाबा सिगरेट ओढत असतील तर ती मात्र आजच बंद.

बीट-खजूर खुशाल खाऊ द्या, त्याने काही बिघडत नाही. गडबड होते ती गोळ्यांनी. रक्त काढत गेलं की शरीरातलं लोह जातं, फेरिटिन (साठवलेल्या लोहाचा अंदाज देणारी टेस्ट) कमी येतं, रिपोर्टवर लाल खूण दिसते आणि कुणीतरी सरळ आयर्न लिहून देतं, की हिमोग्लोबिन पुन्हा वर! इथे लोह कमी राहणं चालवून घेतात, म्हणून आयर्नची गोळी किंवा टॉनिक हिमॅटॉलॉजिस्टना (रक्ताच्या आजारांच्या डॉक्टरांना) विचारल्याशिवाय देऊ नका.