बोट विकत घ्यायची की आठवडाभर भाड्यानं?

नाशिकच्या एका निवृत्त अभियंत्यांचा प्रश्न थोडक्यात असा: लेक-जावई फ्रान्समध्ये तुलूझला नोकरीला आहेत. तिथल्या कॅनाल द्यु मिदी या कालव्यावर चौघांत मिळून एक जुनी बोट घ्यायची आणि दर उन्हाळ्यात तीन आठवडे काठच्या गावागावांतून फिरायचं, असा बेत आहे. यांच्या वाट्याला 15 लाख येतात. त्यासाठी तीन वर्षांपूर्वी ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवलेले 15 लाख मोडावेत का? घर पेन्शनवर चालतं. पत्नीचे गुडघे दुखतात.

माझं मत: हौस करा, बोट घेऊ नका.

या योजनेतून थोडीच रक्कम काढता येत नाही, खातं बंदच करावं लागतं. दोन वर्षं उलटून गेल्यामुळे एक टक्का, म्हणजे 15,000 रुपये कापले जातील. ते सोसता येईल. पण 8.2 टक्क्यांनी तिमाहीला येणारे 30,750 रुपये थांबतील, ते जास्त बोचेल. शिवाय एका आर्थिक वर्षात तुमच्या नावानं 10 लाखांच्या वर पैसे बाहेर पाठवलेत, तर वरच्या पाच लाखांवर 20 टक्के टीसीएस, म्हणजे बँक आगाऊ वसूल करते तो कर. ते एक लाख विवरणपत्र भरल्यावर मिळतील, पण तोवर अडकून पडतील.

आता बोटीकडे बघू. जेमतेम तीन आठवडे वापरायची, आणि विमा, धक्क्याचं भाडं, इंजिनाची डागडुजी मात्र बारा महिने. हिवाळ्यात तर दुरुस्तीसाठी कालवाच बंद असतो. आणखी एक गोष्ट लेकीनं बहुधा सांगितली नसेल: फ्रान्समध्ये भाड्याची बोट परवान्याशिवाय चालवता येते, कंपनी तासभर शिकवून तात्पुरतं कार्ड देते. स्वतःच्या अशा बोटीला मात्र चालवणाऱ्याकडे परवाना हवाच.

हा कालवा बांधणाऱ्या रिकेनंही स्वतःचा पैसा त्यात ओतला होता. 1681 मध्ये कालवा खुला झाला, तो आदल्याच वर्षी गेला आणि कर्ज राहिलं वारसांच्या डोक्यावर. त्याचं निदान नाव तरी झालं!

तुम्ही पाठवलेलं भाड्याचं कोटेशन आठवड्याला 2,200 युरोचं आहे. युरो शंभर रुपये धरला तर तुम्हा दोघांचा अर्धा वाटा 1,10,000. वर्षाचं व्याज 1,23,000. मुद्दलाला हात न लावता तुमचा आठवडा निघतो. डिझेल आणि अनामत रक्कम यात आहे का, ते तेवढं लेखी विचारून घ्या. विमानाचं तिकीट नि व्हिसा दरवर्षी झेपणार नाही, म्हणून एक वर्षाआड जा. मधल्या वर्षाचं व्याज त्याच खर्चाला.

गुडघ्यांचं म्हणाल तर लॉकमध्ये, म्हणजे पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली नेणाऱ्या दरवाजांच्या हौदात, बोट घेतली की दोर धरून उभं राहावं लागतं, पाणी भरताना ती चांगलीच हिसके देते. बेझिएजवळच्या फोंसरानला तर असे हौद पायऱ्यांसारखे एकापुढे एक, सुमारे 21 मीटरची चढण. त्याच्या अलीकडे आर्जांस गावापर्यंत 54 किलोमीटर मात्र एकही लॉक नाही. ल सोमाई, कापेस्तां ही गावं आणि मालपासचा बोगदा याच टप्प्यात येतात. भाड्याची बोट आर्जांसजवळून घ्या. लॉकची मजा हवीच असेल तर आर्जांसच्या पलीकडे ओंप गावाच्या बाजूचे दोन-तीन करा, दोर जावयाच्या हाती. दुपारी जेवणाच्या वेळी लॉक बंद असतात, घाई करून उपयोग नाही. जुलै-ऑगस्ट टाळा, मे महिन्याचा भाव मागवा.