एबेरॉनमध्ये पहिलं पात्र घेताना सगळी लोअर (त्या जगाचा इतिहास आणि माहिती) वाचावी लागते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कळव्याचे चार मित्र पहिल्यांदाच डी अँड डी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून पात्रं रंगवत खेळायचा खेळ) खेळणार आहात, डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, त्यातलं एबेरॉन हे जग निवडलंय, तुम्हाला वॉरफोर्ज्ड (घडवलेल्या सैनिकांचा वंश) आर्टिफिसर (जादूच्या वस्तू बनवणारा कारागीर) हवाय, पण जाडजूड पुस्तक बघून कुठून सुरुवात करावी तेच कळत नाहीये. आणि हा बिल्ड, म्हणजे पात्राची ही जुळणी, चालेल ना, ही शंकाही आहे.

बिल्ड उत्तम आहे. पुस्तक सध्या बाजूला ठेवा. मी ठाण्यात, नौपाड्यात, रविवारी संध्याकाळी एबेरॉनचं टेबल चालवते. नवीन खेळाडू आला की वंश आणि क्लास (पात्राचा पेशा) नंतर, आधी मी एवढंच विचारते: युद्धात तुझं पात्र कुठे होतं?

असं विचारण्याचं कारण त्या जगाच्या इतिहासात आहे. खोरव्हेअर खंडावर गॅलिफारचं एकच मोठं राज्य होतं. त्यांच्या कालगणनेच्या 894 साली राजा जॅरॉट वारला आणि त्याच्या पाच मुलांत गादीवरून भांडण पेटलं. ऑन्डेअर, ब्रेलँड, सायर, कार्नाथ आणि थ्रेन हे पाच प्रांत एकमेकांचे शत्रू झाले. ते युद्ध शंभर वर्षांहून जास्त चाललं. 994 साली एका दिवसात अख्खा सायर देश नष्ट झाला. कोणी केलं, कशामुळे झालं, कुणालाच माहीत नाही. आज त्या जागी करड्या धुक्याने वेढलेलं मोर्नलँड आहे. आपल्या वाट्यालाही हेच येईल या धास्तीने बाकीच्यांनी 996 मध्ये थ्रोनहोल्डचा तह केला. तुमचा खेळ साधारण 998 मध्ये सुरू होतो. म्हणजे शांतता आहे जेमतेम दोन वर्षांची, आणि टेबलावरचं प्रत्येक पात्र युद्धातच लहानाचं मोठं झालेलं. एवढी लोअर पहिल्या सेशनला पुरते.

आता तुमचा वॉरफोर्ज्ड. हाउस कॅनिथ या घराण्याने लाकूड, धातू आणि दगडातून सैनिक घडवले आणि जो देश पैसे मोजेल त्याला विकले. एकाच भट्टीतून निघालेले दोघे समोरासमोर लढले असतील, हे विसरू नका. बॅकस्टोरीसाठी यापेक्षा चांगला मालमसाला मिळणं कठीण. बोलणारे, विचार करणारे वॉरफोर्ज्ड तयार होऊन फार तर तीसेक वर्षं झालीत. त्यांना बालपण नाही, गाव नाही. तहाने त्यांना मालमत्तेऐवजी व्यक्ती म्हणून मान्यता दिली, पण त्याच तहाने नवे वॉरफोर्ज्ड बनवण्यावर बंदीही घातली. तुमच्या पात्राला स्वातंत्र्य मिळालं आणि त्याच वेळी त्याची जमात वाढायची थांबली. या दोन गोष्टींबद्दल त्याला काय वाटतं, ते दोन ओळींत लिहून काढा. मोर्नलँडमध्ये लॉर्ड ऑफ ब्लेड्स नावाचा वॉरफोर्ज्ड पुढारी आहे, माणसांविरुद्ध उभं राहायला सांगणारा. तुमचं पात्र त्याचं ऐकेल का, हेही ठरवून ठेवलंत तर डीएम खूश होईल.

नियमांचं पटकन सांगते, 2019 च्या पाचव्या आवृत्तीच्या पुस्तकाप्रमाणे. वॉरफोर्ज्डला कॉन्स्टिट्यूशन (शरीराचा काटकपणा) दोनने वाढून मिळतं आणि आणखी एक गुण तुमच्या आवडीच्या ठिकाणी. तो इंटेलिजन्सला द्या, कारण आर्टिफिसरचे स्पेल (मंत्र) त्याच्यावरच चालतात. आर्मर क्लास, म्हणजे वार लागणं किती अवघड ते सांगणारा आकडा, एकने वाढतो. खाणं, पिणं, श्वास, काही लागत नाही. झोपेऐवजी सहा तास स्तब्ध राहायचं, पण शुद्ध हरपत नाही, त्यामुळे रात्रीचा पहारा आपोआप तुमच्याकडे येईल. तिसऱ्या लेव्हलला आर्टिफिसरची बॅटल स्मिथ ही उपशाखा जरूर बघा. त्यात स्टील डिफेंडर नावाचा धातूचा सोबती मिळतो. शस्त्र म्हणून घडवलेला जीव स्वतःच्या हातांनी दुसरं काही घडवतो आणि मग त्याला हुकूम सोडतो. हे खेळताना अंगावर काटा येतो. त्या सोबत्याला नाव द्यायचं की नाही, हे तुमच्या पात्राने ठरवावं.

बाकी तिघांसाठी माझी पहिली शिफारस ड्रॅगनमार्क असलेल्या पात्राची. ही त्वचेवर उमटणारी जादुई खूण असते, ठरावीक घराण्यांतच येते, आणि त्या घराण्यांनी एकेक धंदा मुठीत धरलाय. सिव्हिस घराण्याचे नोम (नोम, ड्वार्फ, हाफ-एल्फ, हाफलिंग हे खेळातले वंश) निरोप पोचवतात, कुंडाराकचे ड्वार्फ बँका चालवतात, ओरिएनची माणसं लाइटनिंग रेल ही जादूची रेल्वे चालवतात, लिरँडारचे हाफ-एल्फ हवाई जहाजं. जोरास्कोचे हाफलिंग उपचार करतात, पण आधी पैसे घेतात. आमच्या टेबलावर ऐरोलीहून येणारी एक मुलगी जोरास्कोची हीलर खेळते. शार्न शहरात हाय वॉल्स म्हणून सायरच्या निर्वासितांची वस्ती आहे. तिथे एक आजारी म्हातारी समोर आली, तिच्याकडे दमडी नव्हती, आणि घराण्याचा माणूस दारात उभा होता. हीलरने फुकट उपचार केले. तिथून पुढे आमच्या कॅम्पेनला (सेशनमागून सेशन चालणाऱ्या कथेला) घराण्याची नाराजी कायमची चिकटली, आणि ते कथानक मला पुस्तकात शोधूनही सापडलं नसतं.

आता एबेरॉनचे खास वंश. चेंजलिंग रूप बदलतो; गुप्तहेर खेळायचाय त्याला द्या. शिफ्टरमध्ये लायकॅन्थ्रोपचं (पशूचं रूप घेणाऱ्या माणसाचं) रक्त असतं. कलाश्तारच्या मनात स्वप्नलोकातून पळून आलेल्या आत्म्याचा अंश असतो, त्यामुळे तो स्वतः स्वप्नं बघत नाही. सुंदर कल्पना आहे, पण त्याची लोअर खोल आहे. पहिल्याच खेळात घेऊ नका असं मी सांगेन.

डीएमने शार्नपासून सुरुवात केली तर तुमचं नशीब चांगलं. शहर उभं वाढलेलं आहे. वरच्या मजल्यांवर श्रीमंत, खाली गरीब, आणि तळाशी कॉग्समध्ये धगधगत्या भट्ट्या. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये विसाव्या मजल्यावर राहणारे आणि त्याच टॉवरच्या पायाशी पत्र्याच्या खोल्यांत राहणारे मजूर तुम्ही बघितलेच असतील. शार्नमध्ये तेच, फक्त खालून वर जायलाही जादू लागते. आपलं पात्र कुठल्या मजल्यावर राहतं, हे चौघांनी मिळून ठरवा.

एक सवय मात्र सोडावी लागेल. इतर डी अँड डी जगांत सोनेरी ड्रॅगन चांगला, लाल वाईट, धर्मगुरू देवाच्या मर्जीतला, असं धरून चालतात. इथे तसं नाही. इथले देव जगात वावरत नाहीत, आणि भ्रष्ट पुजाऱ्याचेही स्पेल चालतात. सिल्व्हर फ्लेम या धर्माच्या नावाने निरपराध शिफ्टर मारले गेलेत आणि त्याच श्रद्धेने माणसं राक्षसांपुढे उभीही राहिलीत. कार्नाथने मेलेल्यांची फौज लढवली, तरी तिथला साधा शेतकरी तुमच्या-माझ्यासारखाच आहे. म्हणून समोर कोण आलंय ते बघून तलवार उपसू नका, आधी बोला.

सायर कशामुळे संपलं, याचं उत्तर शोधत इंटरनेटवर फिरू नका. निर्माता कीथ बेकर आणि अधिकृत पुस्तकं, दोघांनीही ते मुद्दाम मोकळं ठेवलंय. उत्तर असलंच तर तुमच्या डीएमकडे आहे. पहिल्या सेशनआधी त्याला तुमच्या दोन ओळी पाठवा आणि तुमचा वॉरफोर्ज्ड त्या दिवशी सायरच्या सीमेपासून किती लांब होता, तेवढं त्यात नक्की लिहा.